तंबाखू लागली

माझी मुलगी रेलिन सैन्याच्या प्रवेश परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली त्या दिवशी आमच्या घरात माझ्याखेरीज कुणी जेवलं नाही. मी जेवलो, कारण सकाळपासून तंबाखूच्या रोपांवर प्लॅस्टिक ताणत होतो आणि मला भूक लागली होती. तेवढ्यावरून माझ्या बायकोनं, ग्लेंडानं, मला आठवडाभर ऐकवलं.

"पोरगी रडतीय आणि तू घेवडा वरपतोयस."

"मी उपाशी राहिलो तर तिचे मार्क वाढतील का?"

"वाढणार नाहीत. पण याला काही वाटतंय, एवढं तरी तिला दिसेल."

नापास म्हणजे अगदी नापास नव्हे. सैन्यानं तिला घेतलंच असतं. भरतीचा सार्जंट म्हणाला, ट्रक चालवायला घेतो, स्वयंपाकघरात घेतो, उद्या ये आणि सही कर. पण नर्सिंगच्या शिक्षणाला जास्त मार्क लागतात, आणि तिला चार कमी पडले होते. वर्षभराचं शिक्षण, शेवटी लायसन्सची परीक्षा, आणि ते लायसन्स सैन्याबाहेरही चालतं. केंटकीच्या आमच्या टेकडीवर तंबाखू लावणाऱ्याच्या पोरीला दुसरं कुणी असं काही देत नाही. रेलिन त्याला हट्टानं धरून बसली होती आणि ग्लेंडा तिच्याहून जास्त.

ग्लेंडाचं कारण निराळं होतं. ती शहरातल्या वृद्धाश्रमात सतरा वर्षं मदतनीस होती. म्हाताऱ्यांना आंघोळी घालायच्या, कूस बदलायची, मेलेल्याचं तोंड पुसायचं, आणि हे सगळं वीस वर्षांच्या नर्सच्या हुकमाखाली. तिला स्वतःला नर्स व्हायचं होतं. आधी रेलिन झाली, मग माझी पाठ गेली, मग तिची आई अंथरुणाला खिळली. प्रत्येक वेळी ती म्हणायची, पुढच्या वर्षी. नंतर नंतर तिनं ते म्हणणंही सोडलं.

"गणितात अडलं," रेलिन मला म्हणाली. "अपूर्णांक. बाटलीत इतकं औषध, रोग्याला इतकं द्यायचंय, तर किती ओढायचं, असली गणितं पुढं वर्षभर असतात म्हणे."

मी आठवीत शाळा सोडली, पण तीस वर्षं फवारणी केली आहे. तिला कोठारात नेली, औषधाचा डबा समोर ठेवला. म्हटलं, एकराला इतकं लागतं, टाकीत इतकं पाणी मावतं, शेत पावणेतीन एकर. चुकलीस तर पीक जळेल. पोरगी दोन तास डोकं खाजवत बसली. दुसऱ्या दिवशी मी टाकी बदलली, तिसऱ्या दिवशी शेत. महिन्याभरात ती माझ्या चुका काढायला लागली. सात वर्षं मी एका औषधाचं माप जास्त घेत होतो, हे मला तेव्हा कळलं.

बाकीची तयारी ग्लेंडाची. पहाटे पोरीला टेकडीच्या रस्त्यावर पळवायची आणि आपण मागून गाडी घेऊन जायची. संध्याकाळी मला पलंगावर आडवं करायची. रोगी पलंगावर असताना चादर बदलायची कशी, ते शिकवायला घरात रोगी मीच होतो.

"गुडघा वाकव त्याचा. खांद्याला धर. आता तुझ्याकडं ओढ. हातानं नाही गं, पायात जोर घे."

"ममा, हे हलतच नाहीत."

"हलणार कसे? घेवड्याचं पातेलं एकट्यानं संपवलंय. व्हर्लिन, तू बेशुद्ध आहेस. बेशुद्ध माणूस हसत नाही."

"बेशुद्ध माणसाला गुदगुल्या होतात का, ते विचार तुझ्या पुस्तकाला," मी म्हणायचो. रेलिन माझी नाडी मोजायची, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घ्यायची आणि आकडा ऐकून ग्लेंडा माझं मीठ बंद करायची. मला ते दिवस आवडत होते. तेव्हा तसं बोललो नाही.

दुसऱ्या खेपेला तिला हवे होते त्याहून नऊ मार्क जास्त पडले.

ती गेली. आधी कवायतीचे महिने, मग वसंतात टेक्सासच्या छावणीत नर्सिंगचे वर्ग. फोन शनिवारी दुपारी, तेवढाच वेळ. वर्गात साठजण होते, दोन महिन्यांत त्रेचाळीस राहिले. दर आठवड्याला परीक्षा. औषधाच्या मापाच्या परीक्षेत एक गणित चुकलं तरी नापास. दोनदा नापास झालं की मागच्या वर्गात ढकलतात, नाहीतर काढून दुसऱ्याच कामाला लावतात. ग्लेंडा स्वयंपाकघरात फोन मोठ्या आवाजावर ठेवायची, म्हणजे मलाही ऐकू यावं. मापाच्या परीक्षेत रेलिन वर्गात पहिली आली तेव्हा म्हणाली, "डॅडींना सांग, फवारणी कामाला आली." ग्लेंडानं माझ्याकडं बघितलं. मी भांडी घासत होतो, ती जरा जोरात घासली.

त्या वर्षी जूनमध्ये पाऊस आला नाही. तंबाखू खुरटली, उशिरा वाढली आणि कापणी ऑगस्टच्या शेवटावर गेली. कापणीला मजूर मिळाले नाहीत. मी, ग्लेंडा आणि तिचा धाकटा भाऊ ऑर्बी, एवढेच. झाड बुंध्यातून कापायचं, काठीच्या टोकाला अणकुचीदार लोखंडी टोपण चढवायचं आणि झाड त्यावर खुपसून खाली सरकवायचं. काठीला सहा झाडं. भरलेली काठी शेतातच ठेवायची, दोन-तीन दिवसांत पानं मऊ पडली की गाडीत घालून कोठारात टांगायची. मधल्या काळात पाऊस झाला की चिखल उडतो आणि पान वाया जातं.

शुक्रवारी अकराशे काठ्या शेतात पडून होत्या आणि रेडिओवर सांगितलं, शनिवारी संध्याकाळी वादळ.

शनिवारी उजाडताच लागलो. पानांवर दव होतं. ओली पानं अंगाला घासली की तंबाखूचा रस कातडीतून आत जातो. मळमळतं, डोकं फिरतं, उलटी होते. आमच्याकडे त्याला तंबाखू लागणं म्हणतात. ती सगळ्यांना लागते. त्यासाठी कुणी डॉक्टरकडे जात नाही. ओला शर्ट काढायचा, ताक प्यायचं, सावलीत पडायचं, तासाभरात उठून परत कामाला लागायचं. आणि जो पडतो त्याला बाकीचे हसतात, हीसुद्धा रीतच आहे. मी सोळा वर्षांचा असताना तीन दिवस ओकत होतो आणि माझा बाप गाडीवर बसून हसत होता.

दहाच्या सुमाराला ग्लेंडा ओकली. गाडीच्या चाकाला धरून वाकली होती. शर्ट गळ्यापासून भिजलेला.

"काय गं ताई, लागली का?" ऑर्बी ओरडला. "एवढी वर्षं इथं राहून अजून पाहुणीच तू."

"तुझं तोंड बघितलं म्हणून मळमळलं," ग्लेंडा म्हणाली. पुन्हा दोन काठ्या उचलल्या. मग तिसरी उचलता येईना. मी तिला मेपलच्या झाडाखाली नेऊन बसवली. ती पांढरीफटक पडली होती. ते नवीन नव्हतं. तंबाखू लागली की सगळेच पांढरे पडतात.

"माझा जबडा दुखतोय, व्हर्लिन," ती म्हणाली. "इथं. खाली."

"तो दात. केव्हापासून सांगतोय, काढून टाक."

"दात वरचा आहे."

मी ते ऐकलं. ऐकलं नाही असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पश्चिमेला आभाळ काळं व्हायला लागलं होतं आणि शेतात अजून सातशे काठ्या होत्या.

बाराला फोन वाजला. तो माझ्या खिशात होता.

"ममा कुठंय?"

"झाडाखाली. तंबाखू लागलीय."

"किती वेळ झाला?"

"दहापासून. उलटी झाली."

"घाम येतोय?"

"ऑगस्ट आहे पोरी, मलाही येतोय."

"डॅडी, नीट सांगा. छातीत दुखतंय?"

"नाही."

"दम लागतोय का? हात दुखतोय? मान, जबडा, असं काही?"

"नाही गं, नाही. तुला काय नवीन आहे का हे? दर वर्षी तुला लागायची."

मागे पोरींचा गलका ऐकू येत होता. "तिला फोन द्या," ती म्हणाली.

"आत्ता कुठं डोळा लागलाय. उठवू?"

झाडापासून मी शंभर पावलांवर होतो. तिचा डोळा लागलाय की नाही, मला दिसत नव्हतं.

"नको मग," रेलिन म्हणाली. "तंबाखूच असेल. शर्ट बदला, ताक द्या. आणि तासाभरानं मला परत फोन करा. मी फोन हातात घेऊन बसते. कराल ना?"

"करतो."

मी ताक नेऊन दिलं. ग्लेंडानं डोळे उघडले, दोन घोट घेतले. मी म्हटलं, रेलिनचा फोन होता. ती म्हणाली, "कशी आहे?" मी म्हटलं, बरी आहे. ती म्हणाली, "जा तू. आभाळ बघ." मी गेलो. तासाभरानं फोन केला नाही. पावणेतीनला शेवटची गाडी कोठारात घेतली तेव्हा वारा सुटला होता. ऑर्बीनं आनंदानं टोपी उडवली, एक पान भिजलं नव्हतं. मी झाडाकडं गेलो तर ती तशीच बुंध्याला टेकून बसलेली. हाक मारली. ताकाचा ग्लास गवतात सरळ ठेवला होता, त्यात वाऱ्यानं कचरा पडला होता. मी तिला हात लावला आणि मला कळलं. रुग्णवाहिका यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर मी तिला आडवी करून छाती दाबत होतो. कशी दाबायची ते रेलिननं शिकवलं होतं. मग पाऊस आला.

घरचे असले निरोप सैनिकांना रेडक्रॉस देतं; त्यांनी छावणीत कळवलं. रेलिनला दहा दिवसांची रजा मिळाली. ऑर्बी तिला विमानतळावरून घेऊन आला. गाडीतून उतरली तेव्हा अंगावर सैन्याचा गणवेश होता, केस मागे घट्ट बांधलेले, आणि ती हुबेहूब ग्लेंडासारखी दिसत होती. मी घरात शिरलो. घर शेजारच्या बायकांनी आणलेल्या डुकराच्या मांसानं, घेवड्यानं आणि मक्याच्या भाकरीनं भरलं होतं. मी एका बाईच्या हातातलं पातेलं घेतलं आणि कुठं ठेवू म्हणून विचारत राहिलो.

डॉक्टरनं कागदावर हृदयविकार लिहिलं होतं. रेलिननं तो कागद उभ्यानंच वाचला.

मातीनंतरच्या दिवशी ती गणवेश काढून जुनी पँट चढवून शेतात आली. थोडी तंबाखू कापायची राहिली होती. ग्लेंडाची ओळ तिनं धरली. मी म्हटलं, तू नको. ती म्हणाली, "मग कोण?" एवढंच. आठवडाभर आम्ही तिघं वाकून कापत होतो. तिचे तळहात वर्गात बसून मऊ झाले होते, दुसऱ्या दिवशी फोड आले, तिसऱ्या दिवशी फुटले. तिनं चिंध्या बांधल्या. मी एकदा म्हटलं, "नर्सबाईंनी स्वतःला नीट पट्टी तरी बांधावी." तिनं माझ्याकडं असं बघितलं की माझं हसू ओठांवरच थिजलं.

"मी नर्स नाही," ती म्हणाली. "होणारही नाही."

सैन्य तिला सोडता येत नव्हतं, सही झाली होती. नर्सिंग मात्र सोडता येतं. मग ते गोदामात घालतात, नाहीतर ट्रकवर. तिनं अर्ज लिहून ठेवला होता. तो स्वयंपाकघरात भाकरीच्या डब्याखाली होता. मी वाचला. त्यात आईचं नाव नव्हतं. आपण या कामाला लायक नाही, एवढंच लिहिलं होतं.

त्या दिवशी जेवताना ऑर्बीनं तिला समजावलं. "पोरी, तू काय देव आहेस का? हजार मैलांवरून तुला काय दिसणार होतं?"

"दिसायचं नसतं, मामा. विचारायचं असतं. तीन आठवड्यांपूर्वी शिकवलं होतं आम्हाला. हृदयाचा झटका आला तरी बायकांच्या छातीत दुखतंच असं नाही. उलटी होते, घाम येतो, जबडा धरतो. परीक्षेत प्रश्न होता. माझं उत्तर बरोबर आलं." ती ताटाकडं बघत होती. "सगळं विचारलं मी. डॅडी सगळ्याला नाही म्हणाले. तरी मला समजायला हवं होतं. मी तिला उठवू नका म्हटलं. तंबाखूच असेल, असं मी म्हटलं, मामा. माझ्या तोंडानं."

ऑर्बीनं माझ्याकडं बघितलं. त्याला काही माहीत नव्हतं; जबड्याचं बोलणं झालं तेव्हा तो गाडीपाशी होता. मी पाणी प्यायलो. तोंड उघडलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. मी उठलो आणि गाईला चारा टाकायचाय म्हणालो. गाय विकून आम्हाला चार वर्षं झाली होती. दोघांपैकी कुणीच मला ते आठवून दिलं नाही.

मी भित्रा माणूस नाही. कोठाराच्या छपरावर चढतो, साप हातानं धरतो. पण ते पाच दिवस मी भीत होतो. माझं सगळं गेलं होतं, ही एक उरली होती. सांगितलं तर ही जाते. नाही सांगितलं तर ही जन्मभर समजणार, आईला आपण मारली, आणि गोदामात खोकी मोजत बसणार. ग्लेंडानं सतरा वर्षं जे मनात ठेवलं, पहाटे गाडीचे दिवे लावून ज्याच्यामागं धावली, ते माझ्या एका 'नाही'खाली गाडलं जाणार होतं. पोरीनं प्रश्न बरोबर विचारले होते. चुकलं होतं ते उत्तर.

रजेच्या शेवटच्या दिवशी उरलेली तंबाखू टांगायला घेतली. ऑर्बी दुसरी गाडी भरून आणायला शेतात गेला होता. कोठारात वर आडवे वासे असतात, एकावर एक चार थर. एक माणूस दोन वाशांवर पाय फाकवून वर उभा राहतो, खालचा काठी वर देतो. रेलिन वर होती. मी खाली गाडीवर उभा राहून काठ्या देत होतो. तिचे फक्त बूट आणि खाली आलेले हात मला दिसत होते. तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच मला जमलं.

"रेलिन," मी म्हटलं. "तिचा जबडा दुखत होता."

वरून हात आला. मी काठी दिली. तिनं घेतली नाही, नुसती धरून ठेवली. काठीचं अर्धं वजन तिच्या हातात आणि अर्धं माझ्या.

"तिनं सांगितलं होतं मला. दहाला. मी म्हटलं, दात आहे. ती म्हणाली, दात वरचा आहे. तू विचारलंस तेव्हा मला ते आठवत होतं. आणि बाकीचं मी तिला विचारलंच नव्हतं. झोपलीय की जागी, तेही मी बघितलं नव्हतं."

वाशावर तिचा एक बूट सरकला.

"तू इस्पितळात न्या म्हणाली असतीस. मला न्यावं लागलं असतं. वादळ येत होतं आणि शेतात सातशे काठ्या होत्या. म्हणून मी नाही म्हटलं. तू बरोबर विचारलंस, पोरी. तुझी काही चूक नाही. माझी आहे."

काठी माझ्या हातातून वर गेली. वाशांवर ठेवल्याचा आवाज आला. तिनं पानं सारखी केली, काठ्यांमध्ये वीतभर अंतर ठेवलं. मग परत हात खाली आला.

"द्या पुढची," ती म्हणाली.

आम्ही ती पूर्ण गाडी टांगली. एकशेदहा काठ्या. एकदा तिचा घाम माझ्या तोंडावर पडला, निदान मी तो घाम समजलो. खाली उतरली तेव्हा ती माझ्याकडं न बघता घरात गेली. मी आत गेलो तेव्हा भाकरीच्या डब्याखालचा कागद नव्हता. चुलीत कागदाची राख होती.

दुसऱ्या सकाळी तिला सोडायला मी गाडीची किल्ली घेतली. ती म्हणाली, "मामा सोडतायत." ओसरीवर मी हात पुढं केला. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पायऱ्या उतरली.

पुढचं मला ऑर्बीकडून कळत गेलं. फोन त्याला यायचा. दहा दिवस बुडाले म्हणून तिला मागच्या वर्गात टाकलं. सहा आठवडे पुन्हा तेच शिकली. हृदयाच्या पाठाच्या दिवशी वर्गातून उठून बाहेर गेली, तोंड धुवून परत आली. थंडीत टेक्सासचं संपलं, मग जॉर्जियाच्या सैनिकी इस्पितळात रोग्यांबरोबरचं काम. बारा-बारा तास पायावर. इकडे मी एकटा कोठारात बसून वाळलेली पानं खुडत होतो, पान चुरू नये म्हणून दमट दिवस बघून, बोटं काळी होईपर्यंत. ऑर्बी येऊन स्टोव्हपाशी बसायचा आणि मी न विचारता सांगायचा. एकदा म्हणाला, "काल तिनं एका म्हाताऱ्या सार्जंटला वाचवलं म्हणे. तो म्हणत होता, मला काही होत नाही. हिनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कबूल झाला." मी पान खुडत राहिलो. ऑर्बी गेल्यावर दार लावून घेतलं आणि ओरडून रडलो. ग्लेंडा गेल्यावर तसा रडलो नव्हतो.

मे महिन्यात लायसन्सची परीक्षा झाली. ती यंत्रावर असते. तुमचं पास-नापास ठरलं की यंत्र आपोआप बंद पडतं, फार चांगलं असलं तरी लवकर आणि फार वाईट असलं तरी लवकर. तिचं लवकर बंद पडलं. दोन दिवस ऑर्बीच्या बायकोनं चर्चमध्ये सगळ्यांना प्रार्थनेला लावलं. तिसऱ्या दिवशी कळलं, पास झाली. वर्गात दुसरी.

मग मला टपालानं एक कार्ड आलं. समारंभाची तारीख छापलेली, खाली तिच्या अक्षरात: यायचं असलं तर या.

रोपं लावायचे दिवस होते. मी ट्रॅक्टर बांधावर सोडला आणि गेलो. अंगावर मातीच्या दिवशीचा कोट होता, दुसरा नाही. जॉर्जियात एका दालनात खुर्च्या मांडल्या होत्या. तिसऱ्या रांगेत मला जागा मिळाली. एकेकाचं नाव पुकारायचे, आणि घरचं माणूस वर जाऊन छातीवर नर्सचा बिल्ला लावायचं. कुणाची आई, कुणाचा नवरा. एका पोराची आजी चाकाच्या खुर्चीतून आली होती, तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. मी नखं पुन्हा कोटाला पुसली. रेलिनचं नाव पुकारलं तेव्हा मी अर्धा उठलो. शेजारच्या बाईनं मला वाट द्यायला गुडघे बाजूला केले. वर एक काळी सार्जंट बाई, तिची शिक्षिका, बिल्ला हातात घेऊन आधीच पुढं झाली होती. तिनं तो लावला. मी खाली बसलो. शेजारच्या बाईनं गुडघे परत सरळ केले आणि दुसरीकडं बघितलं, तेवढी माणुसकी तिनं दाखवली. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जास्त वेळ मीच वाजवल्या असतील.

नंतर ती गाडीपर्यंत आली. उन्हात बिल्ला चमकत होता.

"बारीक झालात," ती म्हणाली. "गोळ्या घेताय ना रक्तदाबाच्या?"

"घेतो."

"रोज?"

"चार दिवसांतून एकदा विसरतो."

तिनं मान हलवली. खरं बोललो हे तिला कळलं. मग म्हणाली, "डॅडी, तुम्ही ते सांगितलं नसतंत तर मी आज इथं नसते. मला माहीत आहे ते सांगणं किती जड होतं. आणि राग नाही असं म्हटलं तर मी खोटं बोलीन."

"नको म्हणूस."

"मी जर्मनीतली नेमणूक मागितलीय. तीन वर्षं. मिळाली." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "तुमचा आवाज ऐकला की मला ते 'नाही' ऐकू येतं. अजून. मी प्रयत्न केला. ऑर्बीमामांशी फोनवर बोलताना मागून तुमचा आवाज आला, तरी मला बाहेर जावं लागायचं. म्हणून फोन करू नका. मी करीन. कधी ते मला माहीत नाही."

"वर्ष? दोन वर्षं?"

"माहीत नाही, डॅडी."

"बरं," मी म्हटलं. ती पुढं झाली आणि माझ्या कोटाच्या खांद्यावरचा धागा काढला. तेवढाच तिचा हात लागला. मग तिला पोरींनी फोटोसाठी हाक मारली आणि ती गेली, पाठ ताठ, पावलं मोजकी, जशी त्यांना शिकवतात तशी.

टेनेसीत पेट्रोल भरायला थांबलो. आत दुकानात माझ्या मागं चार-पाचजण रांगेत होते. गल्ल्यावरच्या बाईनं माझा कोट बघितला.

"एवढे नटून कुठं? लग्न होतं का?"

"मुलगी नर्स झाली," मी म्हटलं. "सैन्यात. वर्गात दुसरी आली."

"अगबाई! तिच्या आईला केवढा आनंद झाला असेल!"

'हो' एवढं म्हटलं की संपत होतं. शब्द जिभेवर आला होता.

"तिची आई ऑगस्टमध्ये गेली," मी म्हटलं. "पावसाच्या आधी तंबाखू आत घ्यायची होती, म्हणून मी तिला झाडाखाली बसवून ठेवलं."

बाईचा हात गल्ल्यावर तसाच राहिला. मागचा माणूस आधी खोकला, मग थांबला. मला वाटत होतं बाजूला व्हावं, लोकांचा खोळंबा होतोय. पण मला पुढचंही सांगायचं होतं, आणि मी ते तिथंच उभा राहून सांगितलं.